काटा

आईने जन्मात वजनकाटा वापरला नाही.
माहीमच्या बाजारात उंच फळीवर बसून
घोळ उचलायची,
एक हात शेपटीला, एक पोटाखाली,
आणि सांगायची: पावणेतीन.
एक पारशीण बाई दर वेळी
समोरच्या वाण्याकडे जाऊन तोलून यायची.
परत आली की काही बोलायची नाही, पैसे काढायची.

मी पहिलं मूल उचललं ते परळला,
मुलांच्या अतिदक्षता विभागात, तिसरी खाट.
हातच बोलला: पावणेसात.
काट्यावर सहा किलो सातशे चाळीस.
पॉलिन सिस्टर म्हणाल्या, शहाणपणा नको.
काट्याचं लिही.

इथे सगळं किलोवर चालतं.
दर किलोला इतके मिली, इतके ज्यूल,
डायपरसुद्धा तोलतो आम्ही,
कोरड्याचं वजन वजा करून लघवी लिहितो.
पहाटे चारला ड्रिपचं गणित दोघींनी करायचं,
एकमेकींकडे न बघता,
मग उत्तरं जुळवायची.
रडणं तेवढं किलोवर नाही.
नळी घातलेलं मूल रडतं तेव्हा
आवाज येत नाही, फक्त तोंड.

एक्केचाळिसाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं.
विषय: आणीबाणीत परिचारिकांनी केलेला
बालकाच्या वजनाचा अंदाज, आणि प्रत्यक्ष वजन.
मुलं दोनशे बारा. परिचारिका चौतीस.
पस्तिसावी मी होते, मला धरायचं नाही असं ठरलं.
दहातले चार अंदाज चुकले,
धोका व्हावा इतके.
निष्कर्ष: हातावर विसंबू नये.
म्हणजे आईवर विसंबू नये
हे मी तक्ता क्रमांक सहाखाली
स्वच्छ टाईप करून दिलं.

तक्त्यात तो एकशे एकोणचाळिसावा.
घरी इझान. गोवंडीचा, बाप जरीकामवाला.
अकराव्या दिवशी आम्ही दोघींनी नळ्या सावरत
त्याला आईच्या मांडीवर ठेवला.
तिने जरा झुलवून पाहिला आणि
इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली:
"भारी हो गया, सिस्टर. ठीक हो रहा है ना?"

नऊशे ग्रॅम पाणी होतं ते.
मूत्रपिंडं थांबलेली,
पापण्या फुगून चकचकीत.
सांगायचं काम डॉक्टरांचं,
ते राऊंडला अजून यायचे होते.
मी म्हटलं, डोक्याखाली हात घ्या. असा.
एवढंच म्हटलं.
तिने घेतला.

तोंडी परीक्षेला नागपूरहून आलेल्या बाईंनी विचारलं,
सूज आलेल्या मुलांचं खरं वजन कोणतं धरलंत?
भरतीच्या वेळचं, मी म्हटलं.
बरोबर, त्या म्हणाल्या.
मग चहा आला.

काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध
मी आईच्या हातात दिला.
तिला वाचता येत नाही.
तिने तो शेपटीकडून धरल्यासारखा धरला,
जरा खाली-वर केला.
"सव्वा किलो हाय," म्हणाली.
"काटं काढून किती?"

आता मी शिकवते.
रबरी बाळात तांदूळ भरून ठेवलेत,
डोळे मिटून उचला म्हणते, बोला.
मुली सात म्हणतात, चार म्हणतात, हसतात.
काल एकीने अचूक सांगितलं.
रोशनी वरठा, डहाणूकडची.
कसं गं?
भावंडं उचललीत, मॅडम. पाच.
मी म्हटलं, शहाणपणा नको, काट्याचं लिही,
आणि माझ्याच तोंडून पॉलिन सिस्टर ऐकून
जरा थांबले.

संध्याकाळी वह्या तपासल्या.
रकान्यात तिने काट्याचं लिहिलं होतं.
बाहेर, समासात, पेन्सिलने, बारीक
हाताचं.
मी लाल पेन उचललं होतं.
खोडलं नाही.